पलतडचं एक मत

कॉजवेवरून पाणी गेलंय हे मला अंथरुणातच कळलं. व्हाळाचा, आमच्या गावच्या ओढ्याचा, आवाज बदलला होता. एरवी तो दगडांतून खळखळतो. पाणी कॉजवेच्या वर चढलं की नुसता एकसुरी घोंघाट येतो, जवळच कुठेतरी गिरण चालू असावी तसा. ऑक्टोबर अर्धा सरला होता, भातं कापायला आली होती, आणि दोन दिवस परतीचा पाऊस धरून बसला होता. त्या दिवशी गावात सरपंचपदाचं मतदान होतं आणि मी उभी होते.

मी उठून दार उघडलं. आमचं पुढचं अंगण, खळं, एकच; घरं दोन. पलीकडच्या घरात माझे थोरले दीर गुणाजी राऊळ आणि जाऊबाई राहायचे, अलीकडे मी एकटी. यजमान जाऊन पाच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा इतकी वर्षं पंचायत चालवणाऱ्या भाऊजींनी जाऊबाईंना उभं केलं. आणि मी त्यांच्याविरुद्ध अर्ज भरला. तेव्हापासून भाऊजी माझ्याशी बोलत नव्हते. खळ्यात समोरासमोर आलो की ते आकाशाकडे बघायचे.

जाऊबाई मात्र बोलायच्या. त्या दिवशी सकाळी त्या नव्या साडीत ओटीवर उभ्या होत्या, चेहरा उतरलेला.

"सुगंधा, चाय घेतलंस?"

"घेते आता."

"ती छत्री मोडकी आसा तुझी. आमची मोठी ने."

"नको ताई. तुम्हाला लागेल."

"माका कित्याक? मी जीपमधून जातलंय." एवढं बोलून त्यांनी आत भाऊजींची चाहूल घेतली आणि छत्री हळूच माझ्या बाजूच्या खांबाला टेकवून ठेवली.

मी ती घेतली आणि व्हाळावर गेले.

व्हाळाच्या पलीकडे पलतड. पलीकडची वाडी म्हणून पलतड. तीस-पस्तीस घरं, त्यांची शेतं तिकडे, पण शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पंचायत सगळं अलीकडे. पूर्वी पायी जायचा लाकडी पूल, साकव होता, तो एका पुरात गेला. मग मधे एक बुटका कॉजवे बांधला, तो पावसाळ्यात निम्मे दिवस पाण्याखाली. मी गावात अंगणवाडी सेविका होते. रोज सकाळी व्हाळ ओलांडून पलीकडे जायचं, तिकडची लहान पोरं गोळा करायची आणि अलीकडे आणायची. पाणी घोट्याच्या वर असलं की एकेकाला कडेवर घेऊन. दुपारी तसंच परत सोडायचं. हे माझ्या कामात धरलेलं नव्हतं. पण मी नाही गेले तर ती पोरं येणार नाहीत हे मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर घरात बसून मला तरी दुसरं काय होतं. मी घाटावरची, आजऱ्याकडची. इथली बोली मला शेवटपर्यंत नीट आली नाही. गावात सगळे मला चांगलं वागवायचे, पण बसून गप्पा मारायला कोणी यायचं नाही. पलतडच्या पोरांना मात्र मी कुठली ते ठाऊक नव्हतं. ती माझ्या गळ्यात हात टाकायची.

पलतडच्याच लोकांनी मला उभं केलं. लवू घाडी सगळ्यांच्या वतीने बोलला होता. त्याची मुलगी निधी माझ्या अंगणवाडीत होती.

"बाई, तुमी उभ्या रवा. साकव करूचो तर आपलोच माणूस पंचायतीत होयो. गुणाजी वीस वर्सां सांगता, करतंय, करतंय. पलतड सगळा तुमच्या पाठी आसा."

"माझ्यासाठी गाव भाऊजींना सोडील?"

"गावाचा सोडा. आमची मतां एकगठ्ठा पडली तर पुरे."

त्याने रवळनाथाच्या देवळात माझ्यासाठी गाऱ्हाणंही घातलं. वाडीतली सगळी माणसं "होय महाराजा" म्हणाली. मी मागे बायकांत उभी होते. इतक्या माणसांनी एकदम माझं नाव घेतलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

तालुक्याच्या कार्यालयात मला सांगितलं की अंगणवाडीचं काम सोडल्याशिवाय अर्ज भरता येणार नाही. मी राजीनामा दिला. ही गोष्ट मी पलतडात सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांनी कदाचित मला थांबवलं असतं, आणि मला थांबायचं नव्हतं. प्रचारासाठी रजा घेतलीय, असंच सगळे धरून चालले.

तर त्या सकाळी मी व्हाळावर उभी राहिले. पाणी तांबडं होतं, त्यातून फांद्या आणि कोणाच्या तरी खळ्यातला जुना पेंढा वाहत होता. कॉजवे कुठे आहे ते नुसत्या वळणावरून ओळखायचं. पलीकडे चार-सहा माणसं उभी होती, डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी. त्यांत लवू होता. मी हात केला. त्यानेही केला, मग पाण्याकडे बोट दाखवून आडवा हलवला. आता नाही, असं. मी ओरडले, "थांबा, उतरेल." त्याला ऐकू गेलं नसणार. थोड्या वेळाने ते सगळे वर वाडीकडे गेले.

मी शाळेत गेले. मतदान तिथेच होतं. माझ्या बाजूने आत बसलेला एकच माणूस, अंकुश मेस्त्री. गावचा सुतार. माझे यजमान त्याचे मित्र, म्हणून तो बसला होता. दुसरा कोणी तयार झाला नव्हता.

पावसामुळे गर्दी अशी नव्हतीच. अलीकडची माणसंही कमीच येत होती. पण भाऊजींची जीप येऊन-जाऊन होती. ती ज्या वाडीत जायची तिथून माणसं भरून आणायची. म्हाताऱ्यांना हात धरून उतरवायचे, डोक्यावर छत्री धरायचे. जाऊबाई दरवाजापासून लांब, आंब्याखाली खुर्चीवर बसल्या होत्या. मी शाळेच्या मागच्या बाजूला, जिथून व्हाळाची वाट दिसते तिथे उभी होते. पायात चिखल, हातात त्यांचीच छत्री.

दहाच्या सुमारास अंकुश पाणी प्यायला बाहेर आला.

"पलतडचा अजून एकपण नाय, वहिनी."

"पाणी आहे ना कॉजवेवर."

"तां आसाच." तो थोडा घुटमळला. "फोन लावलात?"

लावला होता. लवूचा फोन वाजायचा आणि बंद व्हायचा. पलतडात टेकाडावर रेंज असते, घरात येते-जाते. मी मनाशी म्हटलं, घरात असेल.

मग पाऊस थांबला. असा एकदम थांबला की पागोळ्यांचा आवाज ऐकू यायला लागला. डोंगरावरचे ढग फाटले आणि ऊन आलं, ओलं पिवळं. त्या व्हाळाचं पाणी जसं चढतं तसं उतरतंही. वर डोंगरात पाऊस थांबला की दोन-तीन तासांत कॉजवेचे कठडे दिसायला लागतात. मला त्याचा रोजचा सराव होता. कुठल्या दगडापर्यंत पाणी आलं की पोर कडेवर घ्यायचं आणि कुठल्या दगडापर्यंत आलं की हात धरून चालवायचं, हे माझ्या पायांना माहीत होतं. मी परत व्हाळावर जाऊन उभी राहिले.

दुपार झाली. पाणी गुडघ्यावर आलं, मग गुडघ्याखाली. पलीकडे कोणी नव्हतं.

पहिला माणूस आला तो तातू. पलतडचा, म्हशी पाळायचा. दुधाची किटली डोक्यावर घेऊन तो सरळ पाण्यातून चालत आला. मला बघितल्यावर त्याची पावलं मंदावली.

"तातू, आलात. बाकीचे येतायत ना?"

"येतले." त्याने डोक्यावरची किटली उतरवून हातात घेतली. "माका दूध घालूचा आसा बाई. आधीच उशीर झालो."

"शाळा वाटेवरच आहे. मत टाकून जा की."

"परत येताना घालतंय."

तो गेला तो शाळेच्या वाटेने नाही, खालच्या पायवाटेने गेला. परत येताना मी त्याला पाहिलं नाही. दुसऱ्या कुठून तरी उतरून गेला असेल.

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. समोर वाडी स्पष्ट दिसत होती. घरांच्या पडव्या, पडव्यांत माणसं. कोणी विळ्यांना धार लावत होतं. एक बाई खळ्यात भिजलेले कपडे पसरत होती. सगळं नेहमीसारखं होतं. मला वाटलं, त्यांना पाणी उतरलेलं दिसत नसेल. मी छत्री उघडून वर धरली आणि हलवली. ऊन पडलेलं असताना. एका पडवीतून कोणीतरी बघितलं आणि आत गेलं.

मग एक माणूस वाटेला लागलेला दिसला. हळूहळू येत होता. काठी होती. जवळ आल्यावर ओळखलं, ती भागीआये होती, लवूची आई. सत्तरी कधीच ओलांडलेली, कमरेत वाकलेली. लुगड्याचा काष्टा वर खोचून ती घसरणीवरून उतरत होती, एकेक पाऊल चाचपत. आणि तिच्या पाठीमागे वाडीतली माणसं हळूहळू पडव्यांतून बाहेर येऊन उभी राहिली. मी त्यांच्याकडे बघत होते. आता हे निघतील, असं मला वाटलं. म्हातारी निघाली म्हटल्यावर कोण बसून राहील.

भागीआये पाण्याच्या कडेला थांबली. काठी पाण्यात टेकली आणि माझ्याकडे बघितलं. मी छत्री टाकली आणि पाण्यात शिरले.

मधोमध पाण्याला अजून ओढ होती. मी तिच्यापर्यंत गेले, तिचा हात माझ्या खांद्यावर घेतला. हाडं नुसती, पण पकड घट्ट.

"आये, एकट्याच आलात? लवू कुठाय?"

"घराक आसा."

"येतोय ना मागून?"

तिने काठी पुढे टेकली. मला वाटलं पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. आम्ही हळूहळू ओलांडलं. अलीकडे आल्यावर मी मागे वळून पाहिलं. माणसं अजून खळ्यांत उभी होती. कोणी हललं नव्हतं.

शाळेपर्यंत मी तिचा हात धरून चालले. जाऊबाईंनी तिला पाहिलं आणि खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. भाऊजींनीही पाहिलं, व्हाळाकडे नजर टाकली, मागे कोणी नाही याची खात्री केली आणि परत जीपच्या बॉनेटला टेकले. भागीआये आत गेली. बोटाला शाई लावून घेतली. आतून यंत्राचा लांबलचक आवाज आला. बाहेर आली तेव्हा अंकुश दारातून माझ्याकडे बघून हसला. दिवसभरातलं त्याचं पहिलं हसू.

मी तिला परत सोडायला निघाले. वाटेत एका गडग्यावर, जांभ्याच्या बुटक्या भिंतीवर, ती बसली. दम लागला होता. मी शेजारी बसले.

"खूप उपकार झाले, आये," मी म्हटलं.

ती गुडघे चोळत होती.

"बाय, एक सांगतंय. राग धरू नको."

"सांगा."

"मी मत तुका घालूक नाय."

मला आधी कळलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, सरळ.

"तुझ्या जावेक घातलंय. तिच्या पंख्याच्या चिन्हार बटण दाबलंय."

समोर शेतात बगळे उतरले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटी विचारलं, "बाकीचे का नाही आले?"

"काल सांजेक बसले होते सगळे, आमच्याच खळ्यात. गुणाजीचो माणूस येवन गेलो. गुणाजीच्याच काजूच्या बागेत काम आसा त्येका, आंब्याच्या बागेत आसा ह्येका. गुणाजीक दुखवूचा नाय, आणि तुकाय दुखवूचा नाय. लवू रडलो. खरा सांगतंय, रडलो. काय ठरना. नि सकाळी बघतंत तर व्हाळ भरलेलो." तिने लुगड्याचा ओला काठ पिळला. "पाऊस इलो नि सगळे सुटले."

"पण पाणी तर उतरलं."

"तां उतारला. पण सुटलेलो माणूस परत कित्याक बांधून घेतलो?"

"मग तुम्ही का आलात?"

"माका तसा बसूचा नव्हता. मत घालूचा तर येवन घालूचा. घरात लपान काय."

"आणि जाऊबाईंना का?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता असं मला नंतर पुष्कळ वेळा वाटलं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू सरपंच झालंस की पंचायतीत बसतलंस. सायबांबरोबर फिरतलंस. आमच्या निधीक व्हाळ पार कोण करून नेतला? ही नवी बाई पलतडाक येणा नाय. म्हयनो झालो, पोरगी घरात बसान आसा. रोज विचारता, बाई खय, बाई खय." तिचा आवाज बारीक झाला होता. "साकव होतलो तेवा होतलो. तुझो हात आज आसा."

मी पायाला चिकटलेला चिखल खरवडू लागले.

"पडलंस की येतलंस मा सोमवारपासून?"

ती इतक्या भरवशाने विचारत होती की मला मान हलवावीशी वाटली. मी मान हलवली नाही. काही सांगितलंही नाही. म्हटलं, "चला आये, पुन्हा ढग येतायत." आणि तिला पाण्यातून पलीकडे नेऊन सोडलं. लवू उतारावर येऊन उभा होता. त्याने आईचा हात माझ्या हातातून घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "खूप पाणी होता, बाई. पोराबाळांचो जीव."

"हो," मी म्हटलं. "होतंच."

मतदान संपेपर्यंत मी शाळेजवळ बसून राहिले. शेवटच्या तासाला परत पाऊस आला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला मोजणी झाली. मी पडले. फार मतांनी नाही. पलतडची निम्मी माणसं आली असती तर निकाल उलटा लागला असता, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने मनातल्या मनात मोजलं. भाऊजींच्या माणसांनी गुलाल उधळला. ओल्या हवेत तो उडत नव्हता, नुसता चिकटत होता. जाऊबाई जीपमधे बसण्याआधी माझ्याकडे आल्या.

"पाऊस नसतो तर तू निवडून इली असतंस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

गावात सगळ्यांचं हेच म्हणणं झालं. पावसाने बाईंचा घात केला. दुकानात, एसटीच्या थांब्यावर, देवळात, जो भेटेल तो तेच बोलायचा. पलतडची माणसं तर आवर्जून थांबून बोलायची. पाणी किती होतं, कुणाचं वासरू कसं वाहून जाता जाता राहिलं. मी ऐकून घ्यायची. एकालाही मी म्हटलं नाही की दुपारी ऊन पडलं होतं.

सोमवारी मी पलतडात गेले. भागीआये पडवीत निधीच्या केसांना तेल लावत होती. मला बघून पोरगी उठायला लागली, आजीने तिला दाबून बसवलं.

"इलंस," ती म्हणाली. "मी म्हटलेलंय तिका, येतली म्हणान."

मी पायरीवर बसले आणि सांगितलं. राजीनामा दिला आहे, तो मागे घेता येत नाही, माझ्या जागी बाई कायमची नेमली आहे. ती ऐकत होती. हात थांबले नाहीत. तेल लावून झालं, तिने वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली.

"ह्या माका कोणी सांगूक नाय," ती शेवटी म्हणाली.

"मीच कोणाला सांगितलं नव्हतं."

"म्हणजे मी घातलंय तां..." तिने वाक्य पुरं केलं नाही. निधी मधेच म्हणाली, "बाई, जाऊया?" आणि माझं बोट धरलं. मी तिला व्हाळापर्यंत नेलं. पाणी घोट्याएवढंच होतं. तिला कडेवर घेऊन ओलांडलं आणि अंगणवाडीच्या दारात सोडलं. दारातल्या नव्या बाईने माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. तिची काही चूक नव्हती.

काही दिवस मी तशी जात राहिले. मग मला काजूच्या कारखान्यात काम मिळालं, भाऊजींच्या ओळखीने नव्हे, लांब कुडाळकडे. सकाळची पहिली एसटी पकडावी लागायची. पुढच्या पावसाळ्यात पलतडची पोरं पुष्कळ दिवस घरीच राहिली. साकव झाला, पण आणखी दोन वर्षांनी, जाऊबाईंच्या कारकिर्दीत. त्यांनी भाऊजींच्या मागे लागून तो करून घेतला, हे मला नंतर कळलं. तोवर निधी पहिलीत गेली होती.

भागीआये गेल्या वर्षी गेली. मी बाराव्याला पलतडात गेले होते. साकवावरून, चप्पल न भिजवता. पडवीत माणसं बसली होती. लवू आता पिकला आहे. मला बघून उठला, जागा करून दिली, पाणी आणून दिलं. शेजारी कोणी पाहुणे होते, त्यांना माझी ओळख करून देताना तो म्हणाला,

"ह्यो आमच्यो बाई. सरपंचाक उभ्या होत्यो. तेवा व्हाळाक असो लोंढो होतो की वाडीतलो एक गडी उतरूक धजलो नाय. आमची आये तेवढी गेली. म्हातारा माणूस, काठी टेकीत. पलतडचा एकच मत पडला बाईंका, तां आमच्या आयेचा."

पाहुणे कौतुकाने माझ्याकडे बघू लागले. आत बायका बसल्या होत्या, त्यांतल्या कोणीतरी डोळे टिपले. वाडीत ही गोष्ट आता सगळे अशीच सांगतात, मुलांनासुद्धा. आये असेपर्यंत तिच्यासमोरही सांगायचे. ती कधी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. उठून आत जायची.

लवू माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आली होती," मी म्हटलं. "त्या दिवशी ती एकटीच आली होती."